गाळ काढायचे दिवस

राजकुंवरने पेन्सिल निंबाच्या नाकासमोर धरली आणि सावकाश उजवीकडे नेली.

"मान हलवू नका, निंबाभाऊ. नुसते डोळे."

निंबाचे डोळे पेन्सिलीमागे गेले आणि कडेला जाऊन स्वस्थ उभे राहिले. तिने पेन्सिल डावीकडे नेली. तिथेही ते तसेच. मग तिने पेन्सिल टेबलावर टाकून दिली. मिरगीची गोळी अंगात पुरेशी असली की नजर कडेला नेल्यावर बुबुळं किंचित थरथरतात. संक्रांतीच्या सुमाराला निंबा आला होता तेव्हा ती थरथरली होती. आज ती इतकी शांत होती की राजकुंवरला रागच आला.

"गोळ्या कधीपासून बंद केल्यात?"

निंबाची जीभ दातांखाली सापडून सुजली होती. सदऱ्यावर वाळलेला चिखल होता. त्याने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी त्याची बायको भिकुबाई पुढे सरली.

"बंद काबर व्हतीन, बाई? त्या रोज सकायले गोई घेतस. मी सोता पानीना तांब्या देस."

"तांब्या तुम्ही देता. गोळी तोंडात जाताना पाहता का?"

भिकुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीबाहेर पाहत होता. दवाखान्याबाहेर देवपूरचा रस्ता वैशाखाच्या उन्हात ओसाड पडला होता आणि त्यावर पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

खोलीत तिसरे होते झुलाल आबा. खुर्ची रिकामी असूनही ते उभे होते. गावच्या पाच पंचांत ते सगळ्यांत वडील. त्यांच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून निंबाला आणलं होतं. पण त्यांना नुसतं औषध नको होतं, उत्तर हवं होतं.

"गोईनं काय ते तुम्ही पाहा, डॉक्टरबाई. आम्हाले एकच सांगा. सोमवारले पाटमा पानी सोडनं शे. पाटकरी हाऊच ठेवाना, का दुसरा पाहाना? छगन तयार शे."

निंबाने खिडकीवरून नजर काढली ती जमिनीवर ठेवली.

पांझरेकाठच्या त्या गावात पाटकऱ्याचं काम म्हणजे काय, हे धुळ्यात वाढलेल्या राजकुंवरला कुणी समजावून सांगायला नको होतं. नदीवर जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाखाली शेतांचे फड, आणि फडाफडाला पाळीने पाणी. पाळी पंच ठरवतात. पण कडेकडेने फिरून दारं उघडायची आणि मिटायची, ती पाटकऱ्याने. सगळ्या गावाचं पीक त्याच्या मुठीत असतं. बहात्तरच्या दुष्काळात नदीत करंगळीएवढी धार उरली होती, तीही निंबाने अशी वाटली की भांडायला टपलेल्यांना भांडण सापडलं नाही. तेव्हापासून लोक त्याच्या नावापुढे भाऊ लावायला लागले. ना शेत, ना घरात कुणी मिळवता. निंबाजवळ ते काम होतं आणि तो भाऊ होता. दोन्ही एकदमच जायची वेळ आली होती.

कारण त्याला मिरगी होती. दुष्काळानंतरच्या वर्षी पहिला झटका आला, तो घरात. राजकुंवरने गोळ्या चालू केल्या आणि पंचांना तोंडी हवाला दिला, की माणूस रोज गोळी घेईल तर पाण्याकाठी बिनघोर फिरेल. तसा तो फिरलाही. आणि आज सकाळी, पाट कोरडा करून अख्खं गाव फावडी-घमेली घेऊन गाळ काढत असताना, निंबा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाटात आडवा झाला. पाटात पाणी असतं तर माणूस हाती लागला नसता.

"आबा, दोन मिनिटं बसा," राजकुंवर म्हणाली. "उत्तर देते, आणि पक्कं देते. आधी मला यांच्याकडून खरं कळू द्या."

आबा बसले नाहीत.

"निंबाभाऊ, तुम्ही कुणाला फसवणारे नाही. काय केलंत ते सांगा."

निंबाने ओठ पुसले. जडावलेल्या जिभेने तो बोलायला लागला, पण त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची खूण नव्हती. उलट आपलं काम नीट केलेल्या माणसाचा भाव होता.

"बंद नही करी, बाई. इसावा देयेल शे. तुमीच सांगेल व्हतं ना, पाटनी गोष्ट."

राजकुंवरचा हात पेन्सिलीकडे गेला होता, तो तिथेच थांबला.

पाटाची गोष्ट तिचीच होती, आणि तिच्या फार आवडीची होती. आग्रा रोडवर कापडाचं दुकान असलेल्या पुखराजजी छाजेडांची ही थोरली मुलगी मुंबईहून डॉक्टर होऊन आली ती मज्जातंतूंचं वेड घेऊनच. गोळी लिहून दिली की डॉक्टरचं काम संपतं, हे तिला मान्य नव्हतं. गोळी आत जाऊन काय करते ते रोग्याला कळलंच पाहिजे, असा तिचा हट्ट. पुखराजजी हात जोडून म्हणत, "बाई, गिऱ्हाइकाला लुगडं विकावं, माग चालवायला शिकवू नये." पण ऐकेल ती राजकुंवर कसली.

दोन वर्षांपूर्वी याच टेबलाशी तिने निंबाला सांगितलं होतं. मज्जापेशीच्या पातळ भिंतीत बारीक बारीक दारं असतात. दार उघडलं की मिठातलं सोडियम आत धावतं, त्याबरोबर विजेचा प्रवाह निघतो आणि मेंदूचा निरोप पुढे जातो. मग दार मिटतं, क्षणभर विसावतं आणि पुन्हा उघडायला तयार होतं. मिरगीत पेशींचा एखादा घोळका पिसाळतो. दारं मिटली न मिटली तोच पुन्हा उघडतात, निरोपांवर निरोप सुटतात आणि सगळं अंग झटके खातं. गोळी काय करते? मिटलेलं दार नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ धरून ठेवते. सावकाश येणारे रोजचे निरोप सुखरूप जातात; तो वेडा भडिमार तेवढा अडतो. ही दारं कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. समुद्रातल्या माकूळ नावाच्या प्राण्याच्या जाड मज्जातंतूत तारा घालून, त्यावर औषध सोडून, प्रवाह किती घटतो ते मोजून शास्त्रज्ञांनी हे ताडलं होतं. बरंचसं अजून वादात होतं. पण राजकुंवरला पटलं होतं, आणि तिला पटलेली गोष्ट ती वादात धरत नसे.

निंबाला मीठ आणि वीज कळेना, तेव्हा तिला एकदम सुचलं. तुमच्या डोक्यात पाट आहेत, निंबाभाऊ, आणि ही गोळी म्हणजे पाटकरी. निंबाचा चेहरा असा उजळला होता की त्या दिवशी ती घरी जाऊन दोन पोळ्या जास्त जेवली.

"मंग?" भिकुबाईनेच विचारलं. तिला हे सगळं नवीन होतं.

"मंग काय?" निंबा म्हणाला. "पाटनं दार सदा मांडी ठेवं ते गाळमा जाम व्हई जास. वरीसमा एकदाव पानी बंद करनं, दार काढीसन धुनं, वाळाडनं, मंग परत बसाडनं. तवय ते साल-दर-साल टिकस. म्हनीसन आमना गाळ काढाना सुरू व्हयना त्या दिनले मी गोईले बी इसावा दिना. सोमवारले पानी सुटी, तवय गोई बी चालू करसू." त्याने राजकुंवरकडे पाहिलं. "मागला वरीसले बी असंच करं व्हतं. काही व्हयनं नही."

मागल्या वर्षी नशीब बरं होतं, हे राजकुंवरने मनात म्हटलं. तिला वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. हा माणूस विसरला नव्हता, कंटाळला नव्हता, पैशासाठी थांबला नव्हता. तिने जे दिलं ते त्याने मनापासून घेतलं होतं आणि त्याच्या बुद्धीने पुढे चालवलं होतं. औषध जपण्यासाठीच त्याने ते थांबवलं.

"चूक तुमची नाही," ती म्हणाली. "गोष्ट मी अर्धीच सांगितली. तुमच्या पाटाला उन्हाळा असतो, निंबाभाऊ. डोक्याला नसतो. ते झोपेतसुद्धा पाणी सोडतच असतं. त्याचं दार एक दिवसही काढून ठेवता येत नाही. रोज चाललेली गोळी एकदम थांबवली, तर आधी नव्हता तेवढा लोंढा येतो."

निंबाने मान वर केली.

"एक दिन बी नही?"

"एक दिवससुद्धा नाही."

"हाई तवयच सांगनं व्हतं ना, बाई," निंबा म्हणाला. त्यात तक्रार नव्हती.

तिने त्याला इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपासून गोळी परत चालू करायला बजावलं. मग ती आबांकडे वळली. तिचा आवाज पुन्हा तिचा झाला होता.

"आता तुमचं उत्तर. गोळी रोज गेली तर पाटकरी हाच ठेवा. पहिले तीन महिने मात्र पाण्याकाठी एकट्याने फिरायचं नाही. फडाला राखणीचा जागल्या आहेच तुमच्या, तो बरोबर राहू दे. पुढचं माझ्यावर सोडा."

"मागेबी तुमनावरच सोडेल व्हतं," आबा म्हणाले.

"हो. आणि औषध कुठेच कमी पडलं नाही. मी पडले."

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बाई, तुम्हना शबुदले मान शे. पन बठ्ठा गावनी हाऊ पडेल दखा. बायामानसंनी दखा. उद्या पानीमा पडना ते पंचसले काय तोंड शे? असा मानूस घरमा बरा." मग त्यांनी भिकुबाईला सांगितलं, "याले ट्रॉलीमा बसाड. मी उनू."

निंबा उठला. दारापर्यंत गेल्यावर त्याने चौकटीला हात लावला आणि तो पायऱ्या उतरला. राजकुंवरला आबांचा भयंकर संताप आला. दुष्काळात ज्याने त्यांच्या उसाला जगवलं तो माणूस आता घरात बरा! दोन शब्द सुनवावेत म्हणून ती वळली, तर आबा खुर्चीत बसले होते. मघापासून न बसलेला माणूस अंगातलं बळ गेल्यासारखा बसला होता.

"दार लोटी ल्या, बाई," ते म्हणाले.

तिने दार लोटलं.

"ज्याले कधीच फिट उनी नही... म्हंजे दोन वरीसपाइन उनी नही, त्यानी बी बंद करानी नही का?"

"कुणी?"

आबांनी एकदम सांगून टाकलं. "मन्ही भागा. पोर मन्ही. जळगावना डॉक्टरनी गोया देयेल शेतस, गावले मालूम पडाले नको म्हनीसन तठे नेयेल व्हती. निंबा पाटवर बठ्ठासले सांगे, डॉक्टरबाईनी अशी गोष्ट सांगी, दारले इसावा देवाना. माले पटनं. मी त्याच दिन घर जाईसन भागाले सांगं, गाळ निघस तवलोंग तू बी बंद कर." त्यांचा आवाज खाली गेला. "जेठमा लगीन शे तिनं. शिंदखेडाले."

राजकुंवरची लाडकी गोष्ट गावभर हिंडली होती, आणि कुठल्या घरात शिरली होती ते तिला आत्ता कळत होतं.

"भागा आत्ता कुठे आहे?"

"घर. चूलपान करी ऱ्हायनी व्हई."

"चुलीपाशी," राजकुंवर म्हणाली. तिने कपाटातून गोळ्यांची दोन पाकिटं बॅगेत टाकली, कंपाउंडरला बाहेरच्या रोग्यांना उद्या बोलवायला सांगितलं आणि साडीचा पदर खोचला. "चला."

"तुम्ही? ट्रॉलीमा?"

"मग काय पालखी मागवू?"

पायरीवर आबांनी तिला थांबवलं. "बाई, गावमा सांगू, निंबासाठे उन्यात."

"मी आपणहून काही बोलणार नाही, आबा. पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

रस्ता खडीचा होता आणि ट्रॉलीला स्प्रिंग नावाची चीज नव्हती. राजकुंवर पोत्यावर बसली, तिच्यासमोर निंबा आणि भिकुबाई. आपल्यासाठी डॉक्टरबाई एवढ्या दूर येतात म्हणून भिकुबाईचे डोळे भरून आले होते, आणि राजकुंवरला ते पाहवत नव्हतं. आबा ड्रायव्हरशेजारी मडगार्डवर बसले होते. वाटेत त्यांनी दोनदा ड्रायव्हरला वेग वाढवायला सांगितलं. गावाची वेस आली. निंबाचं घर डाव्या हाताला, वेशीला लागूनच. ड्रायव्हरने गाडी हळू केली.

"पहिले मन्हा घर ने," आबा म्हणाले.

"पन निंबाभाऊले..."

"मन्हा घर."

अंगणात खाटेवर जुनं लुगडं पसरून कुरडया वाळत घातल्या होत्या आणि एक वीस वर्षांची मुलगी त्या काढून टोपलीत भरत होती. राजकुंवरचा जीव भांड्यात पडला. ती ट्रॉलीतून उडी मारूनच उतरली. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून निंबाला पाहायला गल्लीतली माणसं जमायला लागली होती. समोरच्या सुनंदाबाई हातातली केरसुणी तशीच घेऊन ओट्यावर आल्या.

आबा मुलीजवळ गेले आणि शक्य तितक्या हळू म्हणाले, "भागा, डॉक्टरबाई सांगतीस, त्या गोया परत चालू करन्या. आतेच."

"परत?" भागाने विचारलं. "बंद कवय करेल व्हत्या?"

"मी तुले सांगेल व्हतं ना?"

"सांगेल व्हतं."

"मंग?"

भागाने हातातली कुरडई टोपलीत ठेवली. "माले पडानं नही व्हतं, आबा."

राजकुंवरने बॅगेतून काढलेलं पाकीट हातात तसंच धरलं होतं. तिने त्या मुलीच्या डोळ्यांसमोर बोट धरून उजवीकडे नेलं. भागाने न सांगता बोटाचा माग घेतला, आणि कडेला गेल्यावर तिची बुबुळं बारीकशी थरथरली. राजकुंवरला तिला मिठी मारावीशी वाटली. तिने नुसतं तिच्या दंडावर थोपटलं.

भागा ट्रॉलीकडे पाहत होती. निंबा पोत्याला टेकून बसला होता. जमलेली माणसं त्याच्याकडे बघत होती आणि त्याच्यापासून चार हात लांबच उभी होती. सकाळपर्यंत याच माणसांनी त्याला हाताला धरून पाळी कधी म्हणून विचारलं असतं.

"निंबाभाऊनी गोई घेतली का?"

"संध्याकाळची घ्यायची आहे," राजकुंवर म्हणाली. "घरी जाऊन घेतील."

भागाने तिच्या हातातलं पाकीट घेतलं. रांजणातून तांब्या भरला आणि ती ट्रॉलीपाशी गेली. माणसं बाजूला झाली. तिने गोळी निंबाच्या तळहातावर ठेवली.

"घ्या, भाऊ. मी बी हाईच गोई घेस." ती मुद्दाम मोठ्याने बोलली नाही, पण हळूही बोलली नाही. "दोन वरीस व्हयनात. माले बी तुमनाच आजार शे."

सुनंदाबाई केरसुणी धरून उभ्या होत्या त्या तशाच राहिल्या. आबांचा हात वर गेला होता, मुलीला थांबवायला की आवाज द्यायला ते त्यांनाही कळलं नसेल. तो हात त्यांनी खाली घेतला. निंबाने एकदा भागाकडे पाहिलं, एकदा आबांकडे पाहिलं. मग गोळी जिभेवर ठेवून त्याने तांब्या तोंडाला लावला.

"छगनले सांगी द्या," आबा कुणाकडेच न पाहता म्हणाले. "सोमवारले त्यानं काम नही. पाटवर निंबाच ऱ्हाई. जागल्याले जमनं नही ते त्यानासंगे मी फिरसू."

दोघंतिघं पुढे झाले आणि निंबाला उतरायला हात दिला.

भागा रिकामा तांब्या घेऊन परत आली. बापासमोरून जाताना तिची पावलं जरा अडखळली, तेवढीच.

"शिंदखेडाले जानं पडी आते," आबा राजकुंवरला म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज फुटला नव्हता. "कोन्हा दुसराना तोंडथाइन त्यासले समजाना पहिले. तुम्ही येशात का संगे, बाई? माले ते नीट सांगता येवाव नही."

मज्जापेशी, सोडियम, दारं, सगळं राजकुंवरच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"येईन," ती म्हणाली. "पण बोलेल भागा."